सामाईक छत्री

आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा जे तुटण्यासारखं होतं ते सगळं तुटलं. झेंडूचे वाफे निम्मे झाले, फुलं भरायची प्लॅस्टिकची कॅरेटं निम्मी झाली, पितळेच्या घागरींतलीसुद्धा एक इकडे, एक तिकडे गेली. जे तुटत नव्हतं त्याला वाटणीला बसलेले मामा एकच शब्द लावत गेले : सामाईक. विहीर सामाईक. बांधावरची वाट सामाईक. आमच्या सासूबाई, नवसाबाई, त्याही सामाईक; म्हणजे एक महिना थोरल्या मुलाकडे, एक महिना धाकट्याकडे. सगळ्यात शेवटी कुणीतरी स्लॅबकडे बोट दाखवलं, तेव्हा टीव्हीची छत्रीसुद्धा सामाईक झाली. मामा तोवर चहाला लागले होते. त्यांनी मान वर करून पाहिलंही नाही.

विहिरीवरून भांडण पेटलं असतं तर मला नवल वाटलं नसतं. आमच्या शिवारात ते पिकासारखं दरसाल येतं. पण आमच्याकडे पेटलं ते छत्रीवरून.

आम्ही नाशिकजवळ, मखमलाबादच्या पुढे राहतो. शहर आता बांधाला येऊन टेकलंय, पण आमची अजून फुलशेतीच आहे. घर एकच, लांबोडकं. मधोमध भिंत आणि भिंतीत एक दार. पलीकडे माझे मोठे दीर गोटीराम आणि त्यांची बायको चतुराबाई, अलीकडे माझा नवरा समाधान आणि मी. मोठ्या दिरांना सगळे दादा म्हणतात. मीही म्हणते, पण माघारी. आमच्यात धाकटी सून मोठ्या दिराशी समोरासमोर बोलत नाही. मला काही सांगायचं असलं की मी आत्यांना सांगते, म्हणजे सासूबाईंना. आत्या दादांना सांगतात, आणि दादा तिथंच दोन हातांच्या अंतरावर उभे राहून माझ्या तोंडून सगळं आधीच ऐकत असतात. मी बीए झालेली बाई. लग्न झालं तेव्हा मला याचं हसू यायचं. आता नाही येत. रीत ती रीत.

त्या मधल्या दाराचं मात्र सांगायला हवं. दुपारी पुरुष माणसं रानात किंवा बाजारात असली की मी आणि जाऊबाई त्या दारात हार ओवायला बसतो. मधे फुलांचा ढीग, दोघींचे दोरे एकाच कडीला बांधलेले. पहिल्यांदा इथं आले तेव्हा मला झेंडू देठाकडून ओवायचा की पोटातून, हेही कळत नव्हतं. जाऊबाईंनी शिकवलं, तेही चार शिव्या देऊन. आईला फोनवर सांगता आलं नाही असं कितीतरी मी त्या उंबऱ्यावर बसून त्यांना सांगितलंय. वाटणी झाली, चुली वेगळ्या झाल्या, पण दार होतं तोवर मला वेगळं झाल्यासारखं वाटलं नाही. आत्यांचं अंथरूणही पौर्णिमेला त्याच दारातून इकडचं तिकडे जायचं.

तर छत्री.

जुना टीव्ही दादांकडे गेला. आम्ही नवा टीव्ही आणला, त्याला नवा बॉक्स आणला. राहिली वायर. समाधान म्हणाला, "त्यात काय एवढं? टी मारायची."

आमच्या घरातल्या पुरुषांना विद्या येते ती ठिबकची. पाइपाला टी मारली की पाणी दोन वाफ्यांना जातं, मग वायरीला टी मारली की चित्र दोन घरांना जाणार. वडाची साल पिंपळाला लावायची तर आमच्याकडून शिकावी. द्वारका चौकातल्या एका दुकानातून तो बोटाएवढी पिन घेऊन आला. एका बाजूला एक तोंड, दुसऱ्या बाजूला दोन. स्लॅबवर जाऊन वायर कापली, पिन बसवली, एक तोंड दादांच्या बाजूला सोडलं, एक आमच्या. आणि दोन्हीकडे चित्र आलं! आलं नसतं तर बरं झालं असतं. त्याच दिवशी कुणाला तरी बोलावलं असतं आणि पुढचं काही झालं नसतं.

चित्र यायचं आणि मधेच जायचं. पडदा निळा, वर पाटी, की सिग्नल नाही. मग थोड्या वेळानं आपोआप परत. वारा नाही, पाऊस नाही, आभाळ स्वच्छ. आता, दुसऱ्याचा कॉक फिरवून आपल्या वाफ्याला पाणी घेणारी माणसं आमच्या शिवारात आहेत, नावं सांगत नाही. त्यामुळे दोघा भावांच्या मनात एकच आलं. तिकडून कुणीतरी कॉक फिरवतंय.

आधी समाधानची पाळी आली. बाजारातले चार दोस्त मॅच बघायला आले होते. मी त्यांना भजी तळत होते. मॅच अगदी शेवटाला आली आणि पडदा निळा. दोस्त हसले. समाधान कुणाच्या हसण्याला भीत नाही, फक्त दोस्तांच्या भितो. तो मधल्या दारात जाऊन ओरडला, "आये, त्याला म्हन, पिन कशापायी हलवली?"

पलीकडून दादा म्हणाले, "आये, त्याला सांग, म्या जेवतोय. माजे हात खरकटे हायेत."

आत्या दाराजवळच्या खाटेवर बसल्या होत्या. त्यांनी दोन्हीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ऐकलं ना दोघांनी? मंग मला कशाला ताप?"

इथवर ठीक होतं. घरोघरी असतं. खरं बिघडलं ते दसऱ्याच्या तोंडावर. फुलबाजारात एका बातम्यांच्या चॅनेलचा माणूस आला आणि त्यानं झेंडूच्या भावाबद्दल दादांना विचारलं. दादा बोलले म्हणे छान. सातच्या बातम्यांत दाखवणार, असं तो सांगून गेला. दादांनी अख्ख्या गल्लीला निरोप दिले. संध्याकाळी परत अंघोळ केली, धुतलेली टोपी घातली. स्वतःला टीव्हीत बघायला टोपी कशाला लागते, हे मी मागाहून जाऊबाईंना विचारलंही. त्यांच्याकडची खोली माणसांनी भरली. बातम्या लागल्या. बाईनं 'नाशिकच्या फुलबाजारात' एवढं म्हटलं, झेंडूचे ढीग दिसले, दादांची टोपी दिसली, आणि पडदा निळा झाला.

चित्र परत आलं तेव्हा कांद्याचं चाललं होतं.

नंतर मोबाइलवर सगळ्यांनी ते बघितलं. पण मोबाइलवर काय, शेजारच्यांची बकरीसुद्धा दिसते. माणसं चपला घालून निघून गेली. दादा अंगणात येऊन मोठ्यानं म्हणाले, "माजं तोंड दिसू नये म्हनून कॉक फिरवला."

समाधान तेव्हा घरात नव्हता, गंगापूर रोडला एका मंगल कार्यालयात माळा पोचवायला गेला होता. हे कुणीतरी दादांना सांगितलं. दादा म्हणाले, "त्यो नसंल. त्याची बायको तं व्हती."

मी चुलीपुढे भाकरी थापत होते. मला ते ऐकू आलं. हातातली भाकरी तशीच राहिली. मी या माणसाच्या आजारपणात रोज सकाळी त्याच दारातून पेज दिली होती, आणि त्याला मी स्लॅबवर चढून वायर उपटणारी बाई वाटले. मला राग आला आणि रडूही आलं. बोलायची सोय नव्हती. निरोप धाडावा तर आत्या टीव्हीपुढे डोळे मिटून बसलेल्या. मूग गिळून बसले.

त्यानंतर दादांनी आत्यांमार्फत बोलणंही सोडलं. आणि एका सकाळी अंगणात विटांची ट्रॉली उतरली. मधलं दार बुजवायचं ठरलं होतं. समाधानला कळलं तर तो म्हणाला, "बुजव म्हनावं. येक पोतं शिमीट माज्याकडून." भावाभावांत उभा दावा होता, पण या एका कामात दोघांचं कसं छान जुळलं! दुसऱ्या दिवशी गवंडी येणार होता.

त्या दुपारी आम्ही दोघी दारात बसलो. विटा समोर दिसत होत्या. दोन्हीकडे टीव्ही चालू ठेवले होते, शांतता नको म्हणून. माझ्याकडे बातम्या होत्या, पावसाचं काय सांगतात बघायला. जाऊबाईंनी रिमोट घेतला आणि त्यांची मालिका लावली. माझ्या बातम्या गेल्या.

"पाह्यलं?" मी म्हणाले. "आता तं पुरुष मानूस एकबी घरात नाय."

"अगं, म्या काय केलं? नुसतं बटान दाबलं."

"परत दाबा."

त्यांनी बातम्या लावल्या. माझं चित्र आलं. मालिका लावली, माझं गेलं. आम्ही फुलं बाजूला सारली आणि रिमोट घेऊन बसलो. शाळेतल्या पोरींसारखं चाललं होतं. दोघींनी बातम्या लावल्या तर दोन्हीकडे नीट. मी मॅचचं चॅनेल लावलं, त्यांनी बातम्या, तरी नीट. त्यांनी मालिका लावली की माझी मॅच गेली. मग मी आत्यांचं कीर्तनाचं चॅनेल लावलं. कीर्तन आणि मालिका शेजारीशेजारी सुखानं चालली. जाऊबाईंनी परत बातम्या लावल्या तर बातम्या येईनातच. मी कीर्तन बंद केलं, तेव्हा आल्या.

जाऊबाई नावाप्रमाणेच चतुर आहेत. हातातला रिमोट खाली ठेवून त्या हळूच म्हणाल्या, "भाग्यश्री, आमच्या ह्यांचं तोंड दिसायचं व्हतं तव्हा तुमच्यात काय चालू व्हतं?"

तो महिना आत्यांचा आमच्याकडे होता. मी भाकरी करत होते. आत्या टीव्हीपुढे होत्या. मला सगळं आठवलं आणि मी खाटेकडे बघितलं. जाऊबाईंनाही कळलं. खाटेवरून आत्यांनी विचारलं, "काय झालं गं पोरींनो?" आम्ही दोघी एकदम म्हणालो, "काय नाय."

मी द्वारकेच्या त्या दुकानात फोन लावला. गौरांग नावाचा एक जण बोलला. मी टी मारल्याचं सांगितल्यावर तो बराच वेळ हसला. सकाळी येतो म्हणाला. मी म्हणाले, गवंड्याच्या आधी ये. तो म्हणाला, गवंड्याचा काय संबंध? मी फोन ठेवला.

सकाळी दोघे एकदमच आले. गवंडी अंगणात विटांवर पाणी मारायला लागला आणि गौरांग शिडीनं वर गेला. समाधान आणि दादा दोघेही खाली उभे, अंगणाच्या दोन टोकांना. आत्या आतल्या खाटेवरूनच उघड्या दारातून सगळं बघत होत्या. दादांना वाटत होतं, आता चोरी पकडली जाणार. समाधानलाही तेच वाटत होतं.

गौरांग पिन हातात घेऊन खाली आला. "हे कुणी बसवलं?"

"म्या," समाधान म्हणाला. "कोन हलवतंय ती?"

"कुणी हात लावलेला नाही. धूळ बघा ना किती बसलीय. अहो, हा पाण्याचा पाइप नाही. पाणी वरून खाली येतं आणि संपलं. इथं तुमचा बॉक्स आधी खालून वर मागणं पाठवतो. वरून दोन तऱ्हेच्या लहरी येतात, काही चॅनेलं उभ्या लहरींवर, काही आडव्या. बॉक्सनं वायरीतून कमी दाबाची वीज पाठवली की छत्रीच्या तोंडातला डबा उभ्या देतो. जास्त दाबाची पाठवली की आडव्या. तुम्ही दोन घरांची मागणी एकाच वायरीत घातलीत. मग ज्याचा दाब जास्त, त्याचं छत्री ऐकते. एकानं आडवं मागितलं की दुसऱ्याचं उभं गेलं."

"बातम्या कशावर?" मी आत्यांकडे बघून विचारलं. मला ते सगळ्यांसमोर हवं होतं.

"उभ्या. क्रिकेटही उभ्याच."

"आन् मालिका? कीर्तन?"

"तुमच्यात तरी आडव्या."

म्हणजे हे दोघे भाऊ कायम एकच मागत होते. दोघांनी एका वेळी टीव्ही लावला असता तर जन्मात भांडण झालं नसतं. साप साप म्हणून दोघांनी भुई धोपटली होती. मला हसू आलं, पण दादांचा चेहरा बघून ते गिळलं.

दादा विचार करत होते. माणूस हट्टी आहे, खुळा नाही. जरा वेळानं ते आत्यांना म्हणाले, "आये, तिला इचार. त्या दिशी सातच्या बातम्यांना त्यांच्यात काय लावलं व्हतं?"

तिला म्हणजे मला. मी खाली बघितलं. जाऊबाईंनी तोंडाला पदर लावला. मालिका लावली होती, असं सांगून मोकळं व्हावं, हे माझ्या मनात आलं होतं. मी तोंड उघडणार तोच खाटेवरून आत्या म्हणाल्या, "तिला कशाला इचारतो? कीर्तन व्हतं. म्या लावलं व्हतं."

गवंड्यानं पाण्याचा पाइप खाली ठेवला.

"तुज्या आडवं कोनी नाय आलं, गोटीराम. म्याच आडवी आले."

"आये, तुला ठावं असतं तं..."

"ठावं कोन करनार? तू ह्याच्याशी बोलत नव्हता, ह्यो तुज्याशी. तुला वाटलं ह्यो सांगंल, ह्याला वाटलं तू सांगशील. माजा ल्योक टीव्हीत येनार हे समद्या गल्लीला ठावं. मलाच नाय. म्या म्हाताऱ्या मानसानं समोर कीर्तन लावून डोळे मिटले. तुजं तोंड मलाबी पाहायचं व्हतं ना रे."

दादा विटांच्या थप्पीवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, परत घातली. माझा सगळा राग तिथंच गेला. असा जाईल असं मला वाटलं नव्हतं. आम्हा दोघींना हे आत्यांपासून लपवायचं होतं, आणि त्यांनी ते खाटेवरून न उठता सांगून टाकलं.

गवंडी बिचारा उभा होता. त्यानं विचारलं, "गोटीरामदादा, मंग सुरू करू का? शिमीट कालवतो."

पडले तरी नाक वर, अशी आमच्या दादांची जात. आणलेल्या विटा परत कशा पाठवायच्या? लोक काय म्हणतील? त्यांनी अंगणभर नजर फिरवली, वर बघितलं आणि गौरांगला विचारलं, "ती छत्री हलती का रे?"

"हलते म्हणजे? स्टँड पार सैल झालाय. जोराचा वारा आला की फिरणार."

"मंग इटा काय पूजंला आनल्यात का?" दादा गवंड्यावरच ओरडले. "वर ने. छत्रीला चौफेर कट्टा बांध. कवाचं सांगून ऱ्हायलोय, वारा येतोय, वारा येतोय."

त्यांनी हे कुणालाच, कधीच सांगितलं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली.

विटा वर चढवायच्या तर माणूस हवा. दादा शिडीच्या मधल्या पायरीवर उभे राहिले. खालून वीट द्यायला कुणी नव्हतं. समाधान जरा वेळ खिशात हात घालून उभा राहिला, मग जाऊन थप्पीजवळ वाकला. एक शब्द न बोलता त्यानं वीट दिली आणि एक शब्द न बोलता दादांनी घेतली. थप्पी संपेपर्यंत तसंच चाललं. शेवटी दादा म्हणाले, "दमानं दे, बोट चेंगारतंय." आत्यांना मधे न घालता ते समाधानशी बोलल्याचं त्या दोघांच्या लक्षातही आलं नसावं. आमच्या आलं. जाऊबाईंनी मला कोपरानं ढोसलं.

गौरांगनं छत्रीच्या तोंडातला डबा बदलला. नव्याला दोन तोंडं होती. एका तोंडाची वायर दादांच्या टीव्हीला गेली, दुसऱ्या तोंडाची आमच्या. आमची वायर बाहेरून फिरवायची म्हणजे लांब पडत होती. ती त्यांच्या खोलीतून, मधल्या दाराच्या चौकटीला वरून खिळे मारत आणायची असं मी आत्यांना सांगितलं, आत्यांनी दादांना सांगितलं, आणि दादा 'आणा' म्हणाले. गौरांगनं दोन्हीकडे सगळी चॅनेलं लावून दाखवली. उभी, आडवी, सगळी नीट. पिशवी उचलताना तो म्हणाला, "आता कुणी काहीही लावा. कुणाला विचारायची गरज नाही."

संध्याकाळी आत्या देवळात गेल्या होत्या. समाधान मागच्या दारी पाय धूत होता. मी भाकरीचं पीठ मळत होते. पलीकडे दादांच्या टीव्हीचा आवाज येईना. मग दारात सावली पडली. दादा उंबऱ्याच्या पलीकडे उभे होते, हातात रिमोट.

त्यांनी खाटेकडे पाहिलं. खाट रिकामी होती. निरोप न्यायला कुणीच नव्हतं. मला वाटलं, जातील माघारी. ते गेले नाहीत. भिंतीकडे बघत त्यांनी विचारलं, "तिकडं काय चालू हाय? म्हंजे, म्या बातम्या लावू का?"

विचारायची गरज नाही, हे सकाळी त्यांच्यासमोरच सांगितलं होतं. मी पिठाचे हात तसेच धरून उभी राहिले. पदर घ्यावा तर पीठ लागेल. तसाच राहू दिला.

"इकडं बातम्याच हायेत, दादा," मी म्हणाले. "या, इकडंच बसा."